उशीवरून पंख्यावर

मी एक अभ्रा बोलतोय. उशीचा. नाक मुरडू नका. रोज रात्री तोंड उघडं टाकून ज्याच्यावर तुम्ही लाळ गाळता, तो मीच. माणसाचं खरं रूप दोघांनाच ठाऊक असतं, देवाला आणि अभ्र्याला. त्यात देवाला निदान वास तरी येत नाही.

माझा जन्म भिवंडीतल्या पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात, खटाखट ओरडणाऱ्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर झाला. माझा कारागीर कानात कापूस कोंबून एकटा चार लूम सांभाळायचा. धागा तुटला की लूमवरच्या मला हात जोडून म्हणायचा, "रुक जा मेरे बाप!" म्हणजे जन्मतःच मी कुणाचा तरी बाप होतो. पुढे इतका मान मला कुणी दिला नाही. मग मला धुतलं, रंगवलं, अंगभर कोबीएवढे गुलाब छापले आणि एका डबल चादरीबरोबर दोन अभ्रे असा आमचा संच झाला.

मानकोलीजवळच्या एका गावात कुणाल आणि मृणालीच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. आहेरात चादरींचे अकरा संच आले होते. भिवंडीत दुसरं काय देणार? त्यातले दहा नातेवाइकांच्या लग्नात पुढे सरकले. माझ्या चादरीवर चहा सांडला म्हणून आम्ही तेवढे घरात राहिलो.

सहा वर्षं मी उशी सांभाळली. कुणालच्या डोक्याचं तेल मी प्यायलं. मृणालीची पहिल्या वर्षीची रडणी मी टिपली. ती रडायची सासूपायी. सासू म्हणजे आक्का. आक्का साधीसुधी बाई नव्हे. ती पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला धवले, म्हणजे विधीची गाणी, गायल्याशिवाय कार्य पुढे हलत नाही, आणि ते गाणारी ती धवलारीण. चाळीस वर्षं आक्काच्या आवाजावर मांडवात नवरा-नवरी हळदीला बसले. असा आवाज घरात सुनेवर लागला तर काय होत असेल, ते मला विचारा. मी ओला व्हायचो.

पुढे मी विरलो. माझा जोडीदार तर मधोमध फाटला आणि त्याचा मसोता झाला. तो आता गरम पातेली उतरवतो आणि अंगावर काळे डाग मिरवतो. मी पायपुसणं व्हायची वाट बघत तीन-चार वर्षं कपाटाच्या तळाशी पडून होतो.

तेवढ्यात मृणाली एका गोडाऊनमध्ये कामाला लागली. सकाळी सातची शिफ्ट. पार्सलं शोधायची, खोकी भरायची, पट्टी चिकटवायची. तिथला सुपरवायझर दिवसभर एकच मंत्र जपायचा, "हाथ खाली नहीं जाना चाहिए." माल ठेवायला गेलात, तर परतताना दुसरा माल घेऊनच यायचं. हे वाक्य तिने घरी आणलं आणि घरात क्रांती झाली. क्रांती म्हणजे भांडणं.

नियम सोपा होता. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत रिकाम्या हाताने जायचं नाही. अंघोळीला निघालात, तर खुर्चीवरचा टॉवेल उचला. स्वयंपाकघरात निघालात, तर चहाचा कप न्या. पहिल्याच दिवशी सासरे बाळाराम पेपर घेऊन संडासात गेले आणि आतून ओरडले, "बघ गो सूनबाई, रिकाम्या हातानं न्हाय आलो!"

संध्याकाळी मोबाईलवर पंधरा मिनिटांची घंटी लावायची. घंटी होईपर्यंत घरातल्या सगळ्यांनी हात चालवायचे, घंटी झाली की हातातलं टाकून बसायचं. ओट्याला आणि नळांना आधी साबणाचं पाणी फासून ठेवायचं. ते डाग सोडवतंय तोवर आपण बाकीचं उरकायचं. आधी कोरडं झाडायचं, मग ओलं पुसायचं, नाहीतर धुळीचा चिखल होतो. चिखलात लावणी करायचे दिवस या गावातून केव्हाच गेले, शेतांवर गोडाऊनं उभी राहिली. आणि सुरुवात कायम वरून करायची, कारण धूळ खाली पडते.

वर म्हणजे पंखा. इथे माझं नशीब उघडलं. मृणालीने मला कपाटातून ओढलं, स्टुलावर चढली आणि पंख्याच्या पात्याला उशीला घालतात तसा मला घातला. पार टोकापर्यंत सरकवला, दोन्ही तळव्यांनी दाबला आणि हळूच मागे ओढला. मानकोलीच्या नाक्यावरून दिवसभर कंटेनर धावतात, त्यांची महिन्याभराची काळी धूळ माझ्या पोटात आली. खाली पलंगावर कणसुद्धा पडला नाही. तीन पाती, दीड मिनिट. मग अंगणात नेऊन मला उलटा केला, झटकला आणि बादलीत बुडवला. त्या दिवसापासून मी पंख्याचा. उशीवर असताना मला सगळे तुडवायचे, आता घरात माझ्यापेक्षा उंच कुणी नाही.

आक्काला हे काही पटेना. तिची साफसफाई वेगळी. ती तांब्याचा हंडा घेऊन सकाळी बसायची आणि चिंच-मीठ लावून दुपारपर्यंत घासायची. हंड्यात तोंड दिसायचं आणि बाकी घरात चालताना चपला शोधाव्या लागायच्या.

"पंधरा मिन्टांत काय घर साफ होतं?" ती म्हणायची. "ती काय खोकी हायेत पट्टी लावायला? तुजं ते गोडाऊन घरात नको आनू."

त्यात गेल्या वर्षी आक्काचे दात गेले. वर्षभर तिने कुणाचंही बोलावणं घेतलं नाही. लोक कशेळीहून दुसरी धवलारीण नेऊ लागले आणि आक्काचा हंडा दिवसाला दोनदा घासला जाऊ लागला. मग कवळी आली. नवी कवळी हिरड्यांना टोचायची, म्हणून ती पाच वेळा घालायची आणि सहा वेळा काढायची. पण आवाज परत आला. आणि दिघाशीहून निरोप आला, की नामा आणि त्याची बायको कमळ मुलाच्या हळदीसाठी आक्काला मानाचं बोलावणं द्यायला रविवारी पाच वाजता येतायत.

आक्काने सुनेला समोर उभं केलं. "मान्सं घर बघतील. एका ठिकानी जरी बोटाला धूल लागली ना, तर पयल्या तारखेपासून गोडाऊन बंद. घरात बसायचं."

 त्या रात्री मृणालीने मला धुवायला घेतलं तेव्हा ती मला पिळतच राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली. तिला ते काम हवं होतं. तिथे तिला कुणी सूनबाई म्हणत नव्हतं, मृणाली म्हणत होतं. मला वाईट वाटलं, आणि माझी शिवणही उसवली.

रविवारी शिफ्ट करून मृणाली साडेतीनला घरी आली. आक्का हंडा घासत होती. बाकी घर म्हणजे आठवडी बाजार उठल्यानंतरचं मैदान. आठ वर्षांची नात क्षितिजा सोफ्यावर रंग पसरून बसली होती. बाळाराम टीव्हीसमोर गोळ्यांची पाकिटं मांडून कुठली दुपारची, ते ठरवत होते. मृणालीने पदर खोचला, ओट्याला साबण फासला, मला घेऊन स्टुलावर चढली आणि तिन्ही खोल्यांचे पंखे पुसले. मला अंगणात झटकून आणते तोच फोन वाजला. नामा होता.

"आमी अंजूरफाट्याव आलू," नामा म्हणाला.

इथे या घराने ती चूक केली, जी फक्त आमच्याकडचीच माणसं करू शकतात. अंजूरफाटा म्हटलं की घरातल्या प्रत्येकाने सुटकेचा श्वास टाकला. अंजूरफाट्याला पोहोचलेला पाहुणा म्हणजे अजून तासभर न येणारा पाहुणा. त्या ट्रॅफिकच्या भरवशावर इथे लोक भात शिजत टाकतात, अंघोळीला जातात. कुणाल तर भजी आणायला निघून गेला. आक्काने हिरड्यांना जरा आराम म्हणून कवळी काढली, हातरुमालात गुंडाळून टीव्हीजवळ ठेवली आणि पुन्हा हंड्याकडे वळली.

पण त्या दिवशी रस्ता मोकळा होता. का होता ते देवच जाणे. बारा मिनिटांनी बाहेर गाडी थांबली आणि कमळ म्हणाली, "हेच घर ना गो?"

मग जे झालं, ते सांगताना माझे उरलेसुरले गुलाबही लाजतात. मृणालीने झाडू घेतला. बाळारामांनी सोफ्यावरचे रंग सोफ्याखाली ढकलले. आणि आक्का, जी पंधरा मिनिटांच्या साफसफाईला नावं ठेवायची, तिने दोन मिनिटांची साफसफाई केली. दारामागे नुकत्याच अडकवलेल्या मला तिने ओढलं आणि टीव्हीजवळ जे जे होतं ते हाताने माझ्यात लोटलं. चार्जर, क्षितिजाचे मोजे, केसांच्या पिना, गोळ्यांची पाकिटं, रिमोट आणि तो हातरुमाल. मग मला वर गाठ मारली, दोन थापटे मारले आणि सोफ्यावर लोड म्हणून टेकवून दिलं.

मी पुन्हा उशी झालो! तब्येत जरा ओबडधोबड होती, पण उशी ती उशी. आणि माझ्यावर कोण टेकलं? खुद्द नामा.

पाहुण्यांना पाणी दिलं, चहा आला. कमळने वर बघितलं आणि म्हणाली, "पंखा नवा घेतलाव?" मृणाली गालात हसली. नारळ, खण, साडी आक्काच्या ओटीत पडली. आक्का तोंडाला पदर लावून नुसती मान हलवत होती. पाहुण्यांना वाटलं, काय मर्यादशील बाई आहे. बाळारामांना ठसका लागला.

मग नामा म्हणाला, "आक्का, एक धवला होऊ द्या. वरीस झालं ऐकून."

आक्का उठली. टीव्हीकडे गेली. टीव्हीजवळ काहीच नव्हतं. इतकी स्वच्छ जागा त्या घराने कधी बघितली नव्हती. ती सुनेला खेचत स्वयंपाकघरात घेऊन गेली. भिंत पातळ, मला सगळं ऐकू आलं.

"माजी कवली! तुज्या फटाफट साफसफाईनं गेली माजी कवली!"

"आक्का, मी तिकडे हातच लावला नाही."

"मग काय चालत गेली? कचऱ्यात टाकलीस तू! वरीसभर थांबले मी या दिसाची. आता कशेलीची बाई बोलवतील." आक्काचा आवाज फुटला. "पयल्या तारखेची वाट नको. उद्यापासून नको जाव कामाला."

मृणाली कचऱ्याचा डबा उपडा करून बसली. चहाची पूड, बटाट्याची सालं, हाताने सगळं चाचपत होती. सकाळपासून आठ तास उभं राहिलेली ती बाई आता दुसऱ्याच्या दातांसाठी सालांत हात घालून बसली होती, आणि दात माझ्या पोटात होते. मला तोंड असतं तर मी बोललो असतो. नाइलाजाने मी टोचलो.

म्हणजे श्रेय मी घेतोय, पण टोचली ती कवळी. नामा आरामात मागे रेलला आणि दचकून पुढे आला. "आयला, या लोडाला काय दात हायेत का?"

त्याने गाठ सोडली. चार्जर निघाला. मोजा निघाला. बाळारामांची दुपारची गोळी निघाली, ती त्यांनी तिथल्या तिथे गिळून घेतली. मग हातरुमाल. कमळने तो उलगडला आणि वरची खालची मिळून पूर्ण बत्तीशी पाहुण्यांकडे बघून हसली.

 आक्का आणि मृणाली दारात उभ्या होत्या. तेवढ्यात क्षितिजा म्हणाली, "आज्जी, तूच तर भरलंस त्यात. मी बघितलं. मम्मी तर झाडू मारत होती."

आक्काने नातीकडे बघितलं. सुनेच्या हाताला चिकटलेल्या सालांकडे बघितलं. मग सरळ चालत आली, कमळच्या हातून रुमाल घेतला, मोरीत कवळी धुतली, घातली आणि पाटावर बसून गायली. एक नाही, तीन धवले. नामाचे डोळे भरून आले. मी अभ्रा आहे, मला रडणं ओळखता येतं, ते खरं होतं.

जाताना कमळने पुन्हा वर बघून विचारलं, "पन पंखा कसा पुसताव गो? आमच्याकडं सगली धूल जेवनात पडतं."

मृणाली सांगायला पुढे झाली, तर आक्काने तिला हाताने मागे सारलं. "मी सांगते. जुना अभ्रा घ्यायचा, पात्याला घालायचा आनि खेचायचा. माजे सुनेची अक्कल हाय. मानकोलीला कामाला जातं ना ती, मोठ्या गोडाऊनला. उद्या सकालची ड्युटी हाय तिची."

माफी वगैरे आक्काने मागितली नाही. त्या घरात तशी पद्धत नाही. पण दुसऱ्या दिवशी सहाला मृणाली निघाली, तेव्हा आक्काने तिच्या हातात डबा दिला. "रिकाम्या हातानं कुठं चालली?" म्हणाली.

आता मी दारामागच्या खिळ्यावर असतो. गुलाब पुसट झालेत, एक शिवण सुटलीय. महिन्यातून एकदा आक्का स्वतः मला घेऊन स्टुलावर चढते, आणि बाळाराम घाबरून स्टूल धरून उभे राहतात. फाटेपर्यंत मी पंख्यावर जात राहीन.

तुमच्याकडे मागणं एवढंच. घरात जुना अभ्रा असेल तर त्याचं पायपुसणं करू नका, त्याला एकदा पंख्यावर चढू द्या. आणि पाहुणे दारात आले म्हणून हाती लागेल ते त्याच्यात कोंबायची वेळ आलीच, तर आधी जिभेने चाचपून बघा, दात तोंडातच आहेत ना.