तुळसाकाकीचा डबा

तापाच्या गोळ्या अर्ध्या खायच्या नि उरलेल्या डब्यात ठेवायच्या, ही आमच्या किनाऱ्यावरची खोड. ताप उतरला की माणूस होडीवर, गोळ्या पुढच्या आजाऱ्याला. आरोग्यसेवक म्हणून वीस वर्षं हेच बघत आलो. म्हणून २००५ च्या दसऱ्याला तोंडवलीच्या तुळसाकाकीची सून आनंदी आठ दिवसांत पुन्हा तापली, तेव्हा मी काकीला नीट विचारलंसुद्धा नाही. ओरडलो.

"गोळ्यो खंय लपवलंस गो?"

"माझ्या हातान दिलंय रे गंगाराम. कडू म्हणान थुकात, तर जीभ वर करून बगलंय. वर गुळाचो खडो दिलंय."

"माका शिकव नको."

तिचा डबा मी घरापुढच्या खळ्यात उपडा केला. शेजारणी बघत होत्या. हळकुंडं, लवंगा, सुईदोरा. गोळी एकही नाही.

"मगे फेकलंस!" मी म्हटलं, आणि क्लोरोक्वीनच्या त्याच गोळ्या पुन्हा दिल्या.

तिसऱ्या दिवशी आनंदी बरळू लागली. कणकवलीला नेताना रिक्षातच गेली, डोकं सासूच्या मांडीवर. तिचा नवरा बाबली ट्रॉलरवरून आला, आईला एवढंच म्हणाला, "गोळ्यो कित्याक दिलंस नाय?" नंतर आईशी बोललाच नाही.

बाराव्यानंतर पहिल्या तापातल्या रक्ताचा अहवाल आला. फाल्सिपेरम. आरोग्य केंद्राचे डॉक्टर वर न बघता म्हणाले, "हा मलेरिया आता क्लोरोक्वीनला दाद देत नाही. दुसऱ्या औषधाची मागणी केलीय."

मागणी! बाई जळून राख झाली आणि यांची मागणी चाललीय. आणि मी? मी लोकांचे डबे उपडे करत फिरतोय.

तुळसाकाकीला जाऊन सांगितलं. ती मासळीची टोपली धूत होती.

"माका काय सांगतंस? माका ठाऊक आसा. त्या दिवशी खळ्यात वरडललंस, आता पण खळ्यातच वरड. बाबली घरात आसा."

मी ओरडलो. गोळ्या हिने दिल्या होत्या, सगळ्या दिल्या होत्या, गोळ्याच निकामी होत्या. शेजारणी बाहेर आल्या. बाबली दारात आला, त्याने आईकडे बघितलं आणि तो तिथेच खाली बसला.

शेजारची विमला पुढे झाली. "गंगाराम, माझ्या नातवाक कालपासून ताप आसा. त्याका खंयच्यो गोळ्यो देतलंस?"

माझ्या पिशवीत त्याच होत्या.

तुळसाकाकीने टोपली निथळायला उपडी घातली आणि माझ्याकडे बोट दाखवून विमलाला म्हणाली,

"त्योच देतलो. आणि नाय लागू पडल्यो, तर तुझो डबो बगतलो."