बिनकोटिंगचं दार

त्या रविवारी सकाळी बाबा नेहमीप्रमाणे गाडीच्या डाव्या अंगाला प्लास्टिकचं स्टूल टाकून बसले होते. हातात तांब्या, मांडीवर वही. पुढच्या दारावर तांब्याभर पाणी ओतायचं, मागच्या दारावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि मग दोन्ही दारांकडे आळीपाळीने बघत राहायचं. आठ महिने हे चाललं होतं. मी त्यांचा चहा घेऊन उंबऱ्यात उभी होते आणि मनाशी ठरवत होते, आज सांगून टाकू.

सांगायचं होतं ते एवढंच, की मागच्या दाराला मी चोरून मेण लावत होते.

बाबा कृषी सहायक होते. एकतीस वर्षांपैकी बहुतेक नोकरी अमडापूर आणि आजूबाजूच्या गावांत गेली. बीटी कपाशी आली त्या सुमारास एका बियाणे कंपनीच्या माणसाने बैठकीत सांगितलं, या कपाशीला बोंडअळी लागत नाही. बाबांनी गावोगाव सांगितलं, अळी लागत नाही. गावांनी एकमेकांना सांगितलं, फवारणी लागत नाही. पहिल्या वर्षी मावा आणि तुडतुडे आले, त्यांना या बोलण्यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढे पंधराएक वर्षांनी गुलाबी बोंडअळीही आली आणि पहिलं वाक्यसुद्धा उरलं नाही. त्या हिवाळ्यात बसस्टँडवरच्या हॉटेलात एक म्हातारा बाबांना म्हणाला, "साहेब, तुमीच सांगतलं होतं ना." रागाने नाही, खात्री करून घ्यावी तसा. बाबांनी चहा अर्धा ठेवला आणि घरी आले.

तेव्हापासून तुलनेचा प्लॉट असल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नसत. निवृत्तीनंतर शेत हाताशी नसल्यामुळे हे प्रयोग घरात शिरले. लोणच्याच्या दोन बरण्या, एकीत खडं मीठ, एकीत बारीक. लोणारहून कोणी सांधेदुखीचं तेल आणून दिलं, तर आईला त्यांनी एकाच गुडघ्याला लावायला सांगितलं. दुसरा गुडघा तुलनेसाठी. दोन्ही गुडघे घेऊन माहेरी जाईन, असं आईने सांगितल्यावर तो प्रयोग थांबला.

आसिफ आला तो अशा माणसाकडे. त्याचे वडील रहेमतुल्लाचाचा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे. आसिफने औरंगाबादला राहून गाड्यांचं काम शिकून घेतलं आणि चिखलीत खामगाव रोडवर सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे गाडीच्या रंगावर पारदर्शक थर चढवून देण्याचं, दुकान टाकलं. बोर्डावर लिहिलं होतं, 'काचेसारखं कडक. आजीवन चमक. धुण्याची कटकट नाही.' गिऱ्हाईक येईना. मग त्याने बियाण्याच्या कंपन्या करायच्या तेच केलं, बाबांना गाठलं.

"साहेब, तुमच्या गाडीवर फुकट करून देतो. तुमची पाहून अमडापुरातले दहा जन येतील."

"कर," बाबा म्हणाले. "पन एक दार सोड."

"दार काऊन सोडू?"

"तुलनेले. डावं मागचं."

"साहेब, लोक हासतील मले."

"हासू दे. बीटीच्या पाकिटासंगं साध्या बियाण्याचं पाकीट येत होतं, कडेनं पेराले, अळ्याइले खायाले. कोन पेरलं? समद्यांनी फेकून देल्लं. मी नाही फेकनार."

"म्हंजे या दारावर तुमी अळ्या पोसनार," आसिफ म्हणाला. पण दार सोडलं.

आमची गाडी गडद निळी, सेकंडहँड. ती परत आली त्या दिवशी अंगणात गर्दी झाली. शेजारचे भगवानराव सगळ्यांत पुढे.

"आता धुवाच लागत नाही म्हनते."

"धुवा लागते, काका," आसिफ म्हणाला.

"मंग फायदा काय?"

"लवकर धुतल्या जाते. धूळ चिकटून बसत नाही."

भगवानरावांची घोर निराशा झाली. "गारा पडल्या तर?"

"पोचा येते."

"तुह्या बोर्डावर तर काचेसारखं कडक लिव्हलं हाये," असं म्हणून त्यांनी खिशातली चावी काढली आणि कोणी काही बोलायच्या आत पुढच्या दारावर ओढली. ओरखडा पडला. बाबांनी शांतपणे मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "आता इथंबी ओढा. तेवढ्याच जोरानं." भगवानराव ओशाळले, पण त्यांनी ओढली. वहीत नोंद झाली: 'चावीचा ओरखडा दोन्हीकडे पडतो. प्रयोगकर्ता भगवानराव.'

"बोंडावर मारता येते का हे?" मागून कोणीतरी विचारलं.

आई कढई घेऊन बाहेर आली. "आसिफ, हिले मारून दे बापा. घासून घासून हात गेले."

"मावशी, कढई गरम होते."

"अन् गाडी काय उन्हात थंड राह्यते?"

आसिफने कपाळ पुसलं. बाबा त्याच्या बाजूने नव्हते आणि विरुद्धही नव्हते. जाताना त्याला एवढंच म्हणाले, "बोर्डावरचं ते आजीवन पुसून टाक बे. जीवनाचं आपन सांगू नये." आसिफने मान डोलावली आणि बोर्ड तसाच ठेवला.

गाडी रोज मी चालवायची. चिखलीच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पहिल्याच आठवड्यात आमच्या शिपायाने विचारलं, "मॅडम, ठोकली का? दार बदलेल दिसते." प्राचार्यांनी विचारलं, "एका दाराचं सामान संपलं का?" मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत आणि लोकांच्या हसण्याला भिऊ नये असं त्यातल्या निम्म्यांत तरी लिहिलेलं आहे. तरी मी गाडीला चमक आणणाऱ्या मेणाची बाटली मागवली. बाबा त्यांच्या मित्राकडे, उद्धवकाकांकडे, बुद्धिबळ खेळायला गेले की फडकं घेऊन दार चोळायचं. एकदाच लावणार होते. पण एकदा लावल्यावर दोन्ही दारं सारखी दिसू लागली, बाबांनी वहीत 'सुरुवातीचा फरक उरला नाही' असं लिहिलं, आणि मेण उतरलं असतं तर फरक अचानक आला असता. म्हणून पुन्हा लावलं. खतासारखे हप्ते पडत गेले.

बाबांना ते कळलं नाही. त्यांनी फक्त पाहिलं ते लिहिलं. धूळ, सारखी. चमक, सारखी. पाण्याचे थेंब, सारखे. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले. साहेबांनी स्वतः पाहिलंय म्हटल्यावर अमडापुरातून आसिफकडे कोणी जाईना.

त्या रविवारी चहा मी स्टुलाशेजारी ठेवला तोच आसिफ मोटरसायकलवरून उतरला.

"साहेब, काल तिसरं गिऱ्हाईक गेलं. तुमचं नाव सांगून गेलं."

"म्या खोटं सांगतलं का? ये, बस. तूच वत पानी."

आसिफने तांब्या घेतला. पुढच्या दारावर पाण्याचे गोल थेंब झाले आणि घरंगळले. मागच्या दारावरही तेच. त्याने पुन्हा ओतलं. पुन्हा तेच.

"नुसत्या पेंटवर असे मोती येतच नाही, साहेब."

"आले ना पन."

आसिफ उकिडवा बसला. मागच्या दारावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी आदल्याच दिवशी हप्ता दिला होता आणि त्या मेणाला खोबऱ्यासारखा वास येतो. मी चहाच्या कपाकडे बघत राहिले. आता हा बोलणार, असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

आसिफ उठला. "काही नाही, साहेब. पानी चांगलं हाये तुमच्या इकडचं."

तो गेल्यावर बाबांनी वही मिटली. खुशीत होते. "बाई," मला म्हणाले, "एकतीस वर्सं दुसऱ्याचं ऐकून लोकाइले सांगतलं. हे पह्यलं हाये जे म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं अन् मंग सांगतलं."

यानंतर काय सांगणार? मी म्हणाले, चहा थंड झाला, दुसरा आणते.

दिवसभरात आणखी काही घडलं नाही. दुपारी वांग्याची भाजी होती, त्यांना तिखट लागली. संध्याकाळी उद्धवकाकांना त्यांनी दोन डाव हरवलं आणि घरी येऊन आईला दोनदा सांगितलं. सोमवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, पहाटे कधीतरी.

तेरवीला अंगणात मांडव घातला. गाडी जागा अडवत होती, म्हणून ती कुंपणाला लावून ठेवली, डावी बाजू लोकांकडे. आसिफ सकाळपासून खुर्च्या मांडत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याशी तो सतरंज्या आणि पाण्याचे जार यांबद्दल बोलला, दुसरं काही नाही.

जेवणाआधी उद्धवकाका बोलायला उभे राहिले. तेही कृषी सहायक, बाबांबरोबरच निवृत्त झालेले. भाषण खिशातून काढलं, चष्मा मात्र घरी राहिला होता, म्हणून हात लांब करून वाचू लागले.

"अर्जुनरावांनी मरेपर्यंत शास्त्र सोडलं नाही. पाह्यल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांनी आपल्याले शिकवलं. त्यांच्या आठवणीसाठी आपल्या निवृत्तांच्या मंडळानं ठरवलं, का त्यांचा शेवटचा निष्कर्ष बसस्टँडवरच्या फलकावर कायमचा रंगवून घ्यायचा, त्यांच्या नावानिशी." हात आणखी लांब झाला. "'सिरॅमिक कोटिंगनं काही फरक पडत नाही. कैलासवासी अर्जुनराव, सेवानिवृत्त कृषी सहायक.'"

भगवानराव खुर्चीतून वळले. "ऐकलं का, आसिफ? रंगवाचं काम तूच घे. तुह्याकडं आता टाईमच हाये."

चारदोन जण हसले, तेरवी आहे हे आठवून थांबले. आसिफच्या हातात पाण्याचा जग होता. तो म्हणाला, "साहेबांनी पाह्यलं म्हंजे खरंच असन," आणि पुढच्या माणसाच्या पेल्यात पाणी ओतू लागला.

बसस्टँडवर. त्याच हॉटेलासमोर. बाबांच्या नावाखाली पुन्हा एक खोटी ठरणारी गोष्ट, आणि या वेळी कंपनीचा माणूस मी.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. उठले तेव्हा आईने पदर ओढला, तिला वाटलं मला रडू येतंय. मी मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"काका, फलकावर ते लिवू नका."

"काऊन, बाई?"

"त्या मागच्या दाराले मी मेन लावत होती."

कोणाला काही समजलं नाही. भगवानरावांनी विचारलं, "मेन म्हंजे? मेनबत्तीचं?"

"गाडीचं राह्यते. बाटलीत. दर पंधरा दिवसांनी लावत होती, आठ महिने. कॉलेजात लोक हासत होते म्हनून. त्यानंच पानी घरंगळत होतं."

"तरीच," भगवानराव म्हणाले, आणि मग, "म्हंजे कोटिंगनं फरक पडते?"

मी आसिफकडे पाहिलं. त्याने जग खाली ठेवला. "पडते, काका. पन धुवा लागते. ओरखडा पडते, पोचा पडते. दोनतीन वर्सं टिकते, सांभाळलं तर. बोर्डावर म्या जास्तीचं लिव्हलं, तेबी खोटंच होतं."

उद्धवकाकांनी भाषणाची घडी घातली, पुन्हा उलगडली. त्यांचा चेहरा पडला होता. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, जणू मांडवात आम्ही दोघंच होतो, "अर्जुनले माहीत होतं का हे?"

"नाही," मी म्हणाले. "रोज सांगीन म्हनत होती. त्या रविवारीबी चहा घेऊन उभी होती. नाही सांगतलं." मला वाटलं होतं आवाज फुटेल, पण तो नीट निघाला, शेवटच्या रांगेपर्यंत. "बाबांनी पाह्यलं ते बरोबरच पाह्यलं. लिवलं ते बरोबर लिवलं. खोटं म्या केलं, काका. बाबांनी नाही."