प्रियदर्शनीचा ताप

माझ्या लेकीला ताप यावा म्हणून मी पारसनाथापुढं हात जोडलेत. आता म्हणा काय म्हणायचं ते.

प्रियदर्शनी आठ वर्षांची आहे, स्वमग्न. बोलत नाही, हाक मारली तरी मान वळवत नाही. गेल्या दिवाळीत तिला दोन दिवस ताप होता. तेव्हा ती आपणहून मांडीवर बसली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि "आई" म्हणाली. ताप उतरला आणि तो शब्दही गेला.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही मुलांचं होतं असं. तापात शरीर रोगाशी लढतं, त्याचा मेंदूशी काहीतरी संबंध असावा. नक्की अजून कुणालाच माहीत नाही. पण ताप म्हणजे उपचार नव्हे. आला की उतरवायचा."

मी मान डोलावली. इकडं आमच्या गावी, कुंडलला, शेजारच्या भामाबाईंची नातवंडं तापानं झोपलीत असं कळलं, तेव्हा हिला घेऊन मुद्दाम तासभर त्यांच्यात जाऊन बसले. सांगायला लाज वाटते, पण बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी हिचं अंग तापलं. चार वाजता तिनं माझ्या गालाला हात लावला. "आई." मला आभाळ ठेंगणं झालं. औषधाची बाटली मी फडताळात डब्यांमागं सरकवली. थोडं बोलू दे, मग देते, असं मनाला सांगत राहिले. दिवेलागणीला ताप एकशे तीनवर गेला.

सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. "आगं, पोरगी फणफणलीया! औषध दिलंस न्हवं?"

"दिवस मावळला की आत्या. आता तोंडात काही घालायचं नाही ना आपल्यात."

जैनाच्या घरात येऊन मला बारा वर्षं झाली. सूर्यास्ताचा हा नेम मी कधी धड पाळला नाही, चोरून चहा-खारी खाल्ली आणि वर आत्यांची बोलणीही खाल्ली. आज तोच नेम मी पुढं केला.

"आजाऱ्याला कसला गं नेम? आन् तू कवापासनं पाळाय लागलीस? ऊठ!"

"आवं आत्या, ती बोलतीया हो! आणखी एकच शब्द..." मला रडू फुटलं.

तेवढ्यात प्रियदर्शनीनं माझा पदर ओढला.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

आणि मी, तिची आई, हसले. आनंदानं हसले. "परत म्हण बाळा, परत म्हण. काय होतंय?"

"दुखतंय. रोज दुखतं."

मी फडताळाकडं धावले, बाटली काढताना दोन डबे खाली आले. औषध पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. तासाभरात तिला घाम फुटला, तशी मी घाईघाईनं विचारत सुटले. "रोज म्हणजे कधी गं? कुठं दुखतं? हितं? का हितं? एवढं सांग, राणी." ती पंख्याकडं बघत होती. मी तिची हनुवटी माझ्याकडं वळवली, ती पुन्हा पंख्याकडं वळली.

सकाळी तिचं अंग गार होतं. उठली आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. हे आमच्या घरात रोजचंच, आणि इतकी वर्षं आम्ही सगळे त्याला हट्ट म्हणत आलो. कधी मी पाठीत धपाटाही घातलाय.

मी धावत जाऊन तिचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि ओरडले, "आत्या, आवं, हिचं डोकं दुखतंय!"