चौदा घंटा

“काढ त्या घंटा. सगळ्या,” मुकादम गास्पार म्हणाला.

मेल्चोर लुसेरा नावाच्या खेचरीच्या गळ्यापाशी हात नेऊन तसाच उभा राहिला. “मालक, घंटेशिवाय ही पाऊल टाकायची नाहीत.”

“टाकतील. मागल्या महिन्यात इंग्रज लुटारू झाडीत दबा धरून बसले होते, ते तुमच्या घंटांवर कान लावूनच. राजाची चांदी गेली, माणसं गेली. आता गुपचूप चालायचं.”

खरी अडचण खेचरांची नव्हती, मेल्चोरची होती. दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं धुकं साचलं होतं आणि ते त्यानं प्राणपणानं लपवलं होतं. पनामाहून नोंब्रे दे दिओसच्या बंदरापर्यंतची वाट त्याच्या पायांना पाठ होती, चौदा खेचरांच्या चौदा घंटा कानांना. कोण मागे रेंगाळलं, कोणाचं ओझं कललं, त्याला न बघता कळे.

तीस वर्षं हे रान वाजत होतं. घंटा कानी पडल्या की अर्ध्या कोसावरच्या खाणावळीत तोमासा मक्याच्या भाकऱ्या तव्यावर टाकायची आणि दारात येऊन म्हणायची, “आलं बाई मेल्चोररावांचं वऱ्हाड.” त्या चिडवण्यासाठी तो शेवटची चढण झपझप चढायचा. आज तिथे पोचले तर चूलसुद्धा थंड होती. “कळवायचं तरी,” तोमासा पुटपुटली. मेल्चोरला फार वाईट वाटलं.

नदी उतरल्यावर गास्पारनं विचारलं, “आली का सगळी?”

मेल्चोरनं कान टवकारले. पाण्याची खळखळ तेवढी होती. “आली,” तो म्हणाला.

तेरा होती. बेआता नावाची खेचरी चांदीसकट पलीकडच्या काठावर गवत खात उभी होती. जोडीदार आंतोन धावत जाऊन तिला घेऊन आला. “माझंच लक्ष नव्हतं, मालक,” असंही म्हणाला. पण गास्पार मेल्चोरच्या तोंडासमोर हात हलवून बघत होता.

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“आणि एकदाही चुकला नाहीस?”

“घंटा होत्या ना, मालक.”

गास्पार माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “बंदरापर्यंत चल. पुढच्या खेपेला येऊ नकोस.”

बंदरात ओझी उतरवायला हमाल पुढे सरसावले. मेल्चोरनं त्यांना थांबवलं. आंतोनला जोडीला घेऊन त्यानं चौदाही ओझी स्वतः सोडली, प्रत्येकीच्या कपाळावरून, कानांवरून हात फिरवत, तिला नावानं हाक मारत. गास्पार मागे उभा राहून ऐकत होता. एकही नाव चुकलं नाही.