पुठ्ठे वाचताना मी मुका झालो

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मला घडवले शिवानीने, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना. त्यामुळे माझ्यातल्या उणिवाही तिसऱ्या वर्षाच्याच.

पूर्वी मागावर नक्षी उमटवायला भोके पाडलेले पुठ्ठे लावत. ते एकेक करून यंत्रातून सरकायचे, मी भोके वाचायची आणि पडद्यावर नक्षी दाखवायची, एवढेच माझे काम. "पोरीनं लई भारी केलंय की!" असे तिचे वडील गंगाधर येईल त्याला सांगत. मी फुगून जाई.

मग माळ्यावरून ते गाठोडे निघाले. गंगाधरांचे वडील मल्लिनाथ यांनी रचलेली डाळिंबाच्या फुलांची नक्षी! ती असलेली चादर एकही उरली नव्हती. उरले होते वाळवी लागलेले चारशे पुठ्ठे. यंत्रातून गेला की पुठ्ठ्याचा भुगा होई. वाचायची संधी एकदाच.

"अप्पा, लक्ष ठेवा," म्हणून शिवानी चहा टाकायला गेली. यंत्र फारच हळू चालले होते आणि मला एका वेळी एकच काम जमे. पुठ्ठ्याची वाट पाहत असताना पडद्याकडे वळता येत नसे. पडद्यावरचा वाचलेल्या पुठ्ठ्यांचा आकडा थांबला. माझा चेहरा म्हणजे तो पडदाच, तो पांढराफटक पडला. गंगाधर माउस दाबत राहिले. प्रत्येक टिचकी मला कळत होती. थांबा हो, तीनशे बारा झाले, थांबा! पण सांगू कसे?

माग अडला की आधी वीज तोडायची, नाहीतर सगळे सूत तुटते. चाळीस वर्षांची ही सवय. त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले. शेवटी एकदमच फाइलीत लिहायचे म्हणून मी सारे डोक्यातच धरून ठेवले होते. सारे गेले.

"अप्पा, का बंद केलं? चालू होतं ते!"

"मला वाटलं, अडकलं. काईच बोललं न्हाय की गं ते."

शिवानीने रडत रडत मला सुधारले. आता माझ्यात वाचणारा वेगळा, पडदा सांभाळणारा वेगळा. वाचलेला पुठ्ठा लगेच फाइलीत जातो, आकडा हलत राहतो. उरलेले अठ्ठ्याऐंशी पुठ्ठे नीट वाचले. नक्षीचा एक कोपरा मिळाला. त्यात नुसते देठ आहेत.

गंगाधर रोज तो कोपरा उघडून बसतात. मला ते बघवत नाही.

मित्रांनो, कितीही कामात असा, वाट पाहणाऱ्याला "चाललंय" एवढे तरी कळवत जा. मला ते जमले असते, तर त्या माणसाने आपल्या वडिलांची फुले स्वतःच्या हाताने पुसली नसती.