दोन तारांवरचं विमान

माझा नवरा गुरुप्रसाद चोपन्नाव्या वर्षी पुन्हा विमानं उडवायला लागला, त्याला कारणीभूत त्याचा कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप. एरवी त्या ग्रुपवर गुडघेदुखीचे व्यायाम नाहीतर कुणाचे तरी वडील गेल्याचे निरोप असतात. गेल्या वर्षी नोव्हेंबरात कुणीतरी नाशिकच्या कॉलेजातला जुना फोटो टाकला. एनसीसीच्या एअर विंगमधली सहा हडकुळी पोरं आणि मधोमध लाकडी विमान धरलेला गुरुप्रसाद. त्या फोटोत त्याला कंबर होती.

"मला परत उडवायचंय," तो म्हणाला.

हे रिमोटवालं विमान नव्हे. याला दोन बारीक पोलादी तारा असतात, चांगल्या अठरा मीटर लांब. एक टोक विमानाच्या पंखात, दुसरं तुमच्या मुठीतल्या हँडलला. विमान तुमच्याभोवती गोल फिरतं आणि तुम्ही मध्ये उभे राहून त्याच्याबरोबर गोल फिरता. मूठ वर कलली की विमान वर, खाली कलली की खाली. आमच्या अंतराने, म्हणजे सोळा वर्षांच्या लेकीने, हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सो इट्स अ काइट विथ अँग्झायटी."

मला ही विमानं माहीत होती, ती वासाने. त्या काळी त्यांच्या इंधनात एरंडेल असायचं. आमचं लग्न ठरलं तेव्हा गुरुप्रसाद दोनदा मला भेटायला आला आणि दोन्ही वेळा त्याच्या शर्टाला एरंडेलाचा वास. मला वाटलं, मुलगा चांगला आहे, पोटाचं काहीतरी असेल.

आता इलेक्ट्रिक मोटर निघाल्यात. बटण दाबायचं, चालत जाऊन हँडल धरायचं, अर्ध्या मिनिटाने पंखा सुरू होतो आणि चार मिनिटांनी आपोआप बंद पडतो. मध्येच थांबवायची सोय त्याने घेतली नव्हती. ती म्हणे नवशिक्यांसाठी.

गुरुप्रसाद इथे दोह्यात, गॅस प्लांटमध्ये इंजिनियर आहे. तिथे एक व्हॉल्व्ह निवडायला सहा लोक तीन मीटिंगा घेतात. त्याच शिस्तीने त्याने महिनाभर विमान निवडलं. जगभरच्या म्हाताऱ्यांनी इंटरनेटवर एकच सल्ला लिहून ठेवलेला: खूप वर्षांनी परत येणाऱ्याने सपाट अंगाचं शिकाऊ विमान घ्यावं. धड म्हणजे एक फळी, पंख जाड, आपटलं तर चिकटवून तासाभरात पुन्हा तयार. त्याने त्याचा नकाशाही छापून आणला. सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा लोक वाचतात तसा लक्षपूर्वक वाचला आणि कोलांट्या मारणारं, पंखाला फ्लॅप असलेलं, पोकळ गोल अंगाचं, नाजूक विमान मागवलं.

"सल्ला तर दुसराच होता ना?" मी विचारलं.

"तो विसरलेल्यांसाठी आहे, शशी. हात विसरत नसतो."

अडीच महिने आम्ही सोफ्यावर जेवलो, कारण जेवणाच्या टेबलावर पंख वाळत होते. रंगीत प्लास्टिकचं आवरण पंखावर इस्त्रीने चिकटवतात, तेव्हा माझी इस्त्री गेली. परत आली ती तळाला लाल रंग घेऊन, आणि तो रंग माझ्या पांढऱ्या कुर्त्याने तत्परतेने स्वीकारला.

त्याच दिवसांत आमच्या अल नस्रच्या फ्लॅटमधलं कपाटाचं दार निखळलं. बिल्डिंगवाल्यांनी सुतार पाठवला. हरिदास नाव, सांगोल्याकडचा, पंचेचाळिशीचा, तेरा वर्षं दोह्यात एकटा राहणारा. माझं मराठी ऐकून त्याने पेचकस खाली ठेवला आणि आधी चहा मागितला. मग त्याची नजर टेबलावर गेली. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची एक पट्टी त्याने दोन बोटांत उचलली.

"सायब, हे लाकूड हाय का पापड?"

गुरुप्रसादने त्याला बाल्सा समजावलं, पंख समजावले, पुढचा पाऊण तास सगळं समजावलं. हरिदासने सगळं ऐकून बाजूला पडलेला शिकाऊ विमानाचा नकाशा उचलला.

"मग हे का नाही केलं?"

"ते अगदीच साधं आहे हो."

"आधी चालतंय का बघावं. मग देखणं करावं."

हे मी कधीची सांगत होते, पण मी सुतार नव्हते.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही शहराबाहेर, अल वक्राच्या पुढे गेलो. कामगारांचं क्रिकेटचं मैदान होतं, टणक, सपाट, आसपास विजेच्या तारा नाहीत. क्रिकेटवाले आठला येतात. हरिदासला सुट्टी होती, तोही आला. अंतरा गाडीतच झोपली.

विमान खरंच सुंदर होतं. लाल, पांढऱ्या पट्ट्याचं. गुरुप्रसादने मैदानाच्या मध्ये उभं राहून मनगटात हँडलची दोरी अडकवली आणि कॉलेजातल्यासारखी छाती काढली. तिच्या खालचं मात्र काही आत गेलं नाही. पंखा सुरू झाला, हरिदासने विमान सोडलं आणि ते उडालं. पहिली चक्कर, दुसरी चक्कर. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, म्हणून मी थोड्या वाजवल्या.

तिसऱ्या चकरेत गुरुप्रसाद तिरका झाला. चौथीत तो रस्त्यात सांडलेल्या तेलावर उभा असल्यासारखा पाय टाकू लागला. आणि मग बसला. तारा ढिल्या पडल्या, विमान आत वळलं आणि नाकावर जमिनीत घुसलं. अडीच महिन्यांचं काम वीस सेकंदांत आटोपलं.

मी धावत गेले. तो मातीत मांडी घालून डोळे मिटून बसला होता.

"तुला लागलं का?"

"शशी, पृथ्वी थांबली की सांग."

पृथ्वी थांबल्यावर त्याने तुकडे पिशवीत भरले. पुढचे दोन आठवडे टेबल रिकामं होतं आणि आम्ही तिघं त्यावर जेवत होतो. खरं सांगते, मला ते आवडलं नाही. तो मीठ मागायचा, बातम्या बघायचा आणि दहाला झोपायचा. मी दोनदा त्याला विनोद वाचून दाखवला, तर त्याने बातम्यांचा आवाज वाढवला.

तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी दार वाजलं. हरिदास. काखेत एक विमान होतं, आणि ते विमान आहे हे त्याने सांगितल्यावर कळलं. टाकून दिलेल्या शोकेसच्या पाठीचं पातळ प्लाय कापून धड केलेलं, पॅकिंगच्या थर्माकोलचे पंख, त्यावर तपकिरी चिकटपट्टी.

"त्या नकाशावरनं केलंय. फोटो काढून नेलता मी. तुमची मोटर चांगली असंल तर बसवा."

मोटर चांगली होती. गुरुप्रसादने पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललं.

"शेपूट जड आहे. नाक जड पाहिजे, नाहीतर हे घोड्यासारखं उधळेल."

"मग करा जड."

त्याने नाकाला दोन नटबोल्ट लावले, पुन्हा तोललं, मग एक काढला. नऊ वाजता आम्ही पुन्हा सोफ्यावर जेवलो, चौघं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गुरुप्रसादने हँडल हरिदासच्या हातात दिलं. "तुम्ही उडवा. मी मागून हात धरतो." या वेळी विमान मी सोडलं. दोन मोठे पुरुष एकमेकांना चिकटून गोल फिरताना बघणं हा एक अनुभव आहे. पाचव्या चकरेत गुरुप्रसाद सुटला आणि खाली बसला. हरिदास मात्र फिरत राहिला. मध्येच विमान एकदम खाली गेलं, जमिनीला चाटून वर आलं, पण चार मिनिटं उडालं. पंखा थांबला आणि ते घसरत उतरलं. हरिदास सरळ चालत आमच्याकडे आला.

"तुम्हाला चक्कर कशी येत नाही?" गुरुप्रसादने बसूनच विचारलं.

"लहानपणी खळ्यावर मळणीला बैलांमागं दिवसभर फिरायचो की, मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती. सायब, तुमी जमिनीकडं बघताय. जमीन पळणारच. बैलाच्या शेपटाकडं बघायचं, दुसरीकडं नाही. हितं बैल उडतोय, एवढंच."

गुरुप्रसाद कॉलेजात हेच शिकला असणार. फक्त हात विसरत नाही म्हणाला तेव्हा डोळ्यांचं काही बोलला नव्हता.

तो उठला. नवी बॅटरी लावली. हरिदासने मागून त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, खरंच बैल धरतात तसा. मी विमान सोडलं. दहा चकरा झाल्या. वीस झाल्या. गुरुप्रसादचं तोंड उघडं होतं आणि नजर विमानावरून हलत नव्हती. तिसाव्या चकरेच्या सुमाराला हरिदासने पट्टा सोडला आणि तारांखालून वाकून बाहेर आला. गुरुप्रसादला ते कळलंही नाही. पंखा थांबला, विमान दोनदा उसळून उतरलं, आणि तो उभा होता. किंचित डुलत, पण उभा.

मी त्याच्याजवळ गेले तर डोळे ओले. "धूळ," तो म्हणाला. मी म्हटलं, हो, फार आहे.

पट्टा सोडल्यावर हरिदासने बाकीच्या चकरा फोनवर टिपल्या होत्या. गाडीत बसल्यावर त्याने तो व्हिडिओ गावी बायकोला, बबीताला, पाठवला. दोन मिनिटांत तिचा व्हॉइस मेसेज आला आणि त्याने तो आम्हाला ऐकवला.

"एवढा मोठा माणूस, दोरी हातात धरून गोल गोल पळतोय. सोडून का देत नाही म्हणावं ती?"

गुरुप्रसाद इतका हसला की गाडी मला चालवावी लागली.