खल आणि परदेशची पाहुणी

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना खल आहे. औषधाच्या गोळ्या कुटून पूड करणे हा माझा धंदा. कारागिराने मला बाहेरून झिलई दिली, आतून मात्र मुद्दाम खरखरीत ठेवले. आत गुळगुळीत असतो, तर गोळी घसरून पळाली असती. माझा पहिला बत्ता फरशीवर पडून फुटला. आताचा दुसऱ्या कुठल्या तरी खलाचा आहे. पण सावत्र भाऊ असूनही आमचे बरे जमते.

एका रुग्णालयाच्या औषधखोलीत माझी उमेदीची वर्षे गेली. तान्ही बाळे, नाकातून नळी घातलेले रुग्ण, ज्यांना ज्यांना गोळी गिळवत नसे, त्यांच्यासाठी मी राबलो. औषधखोलीच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "याच्याइतकी बारीक पूड यंत्रालाही जमायची नाही," असे त्या म्हणायच्या. मग तयार पातळ औषधे आली आणि मी खिडकीत जाऊन बसलो. माझ्या पोटात टाचण्या आणि रबर साठू लागले.

आमच्याकडे दर वर्षी परदेशातून औषधशास्त्राचे विद्यार्थी सहा आठवडे सेवा करायला यायचे. त्या वर्षी एक मुलगी आली. तिला आमची भाषा जेमतेम यायची. सगळे तिला पाहुणी म्हणत. तेव्हा पातळ औषधांचा पुरवठा थांबला होता, म्हणून माझी आठवण झाली. पाहुणीने मला उपडे केले, गरम पाण्याने धुतले, कोरड्या फडक्याने पुसले.

"बाई, हे पेनाचे टोपण कुठे ठेवू?"

"अगं, ते मी चार वर्षं शोधतेय," मोठ्या बाई म्हणाल्या.

पाहुणीचा हात हलका होता. तिच्याकडच्या रुग्णालयात प्रत्येक गोळी नाव छापलेल्या पाकिटात यायची. आमच्याकडे मात्र वॉर्डातून कात्रीने कापलेली एकेक गोळी येई, आणि तिचे निम्मे नाव उरलेल्या पट्टीवर राहून जाई. आम्हाला ते अंगवळणी पडले होते. पाहुणीलाही पडले.

एका सकाळी अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांची लेक रक्तदाबाची गोळी घेऊन खिडकीशी आली.

"पाहुणीबाई, जरा बारीक करा हं. कालची नळीत अडकत होती. आणि काल दुपारी बाबा फार गळून गेले होते."

पाहुणीने गोळी कुटली. आपली पूड नीट झाली का, हे बघायला तिने माझ्यात थोडे पाणी घातले. एरवी पूड पाण्यात दुधासारखी मिसळते. ही डिंकासारखी चिकट झाली. पाहुणीचा हात थांबला. पोटात हळूहळू विरघळून दिवसभर पुरावी, अशी ती गोळी होती. कुटली की दिवसाचे औषध एकदमच अंगात जाते. काल तसेच झाले होते, माझ्याच पोटात.

ती मला धुऊन टाकू शकली असती. कोणाला काही कळले नसते. पण ती मला तसाच हातात धरून मोठ्या बाईंपुढे उभी राहिली.

"ही गोळी मी काल कुटली. कुटायची नव्हती. मला घरी परत पाठवा."

मोठ्या बाईंनी वॉर्डातून उरलेली पट्टी मागवली, वाचली आणि चष्मा काढला. "आधी आजोबांचा रक्तदाब बघू. तुला कुठे पाठवायचं ते मग बघू."

काल तो फार खाली गेला होता. आता सावरला होता. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा द्यायची साधी गोळी लिहून दिली. पाहुणी आजोबांच्या लेकीची माफी मागू लागली, तर लेकीने तिचा हात धरला. "तू बोलली नसतीस, तर आज मी माझ्या हाताने पुन्हा दिली असती गं."

"आणि वॉर्डातून अशा कापलेल्या गोळ्या इतकी वर्षं मीच चालवून घेतेय," मोठ्या बाई म्हणाल्या. "हिला एकटीला कशी पाठवू? मलाही हिच्याबरोबर जावं लागेल."

पाहुणी राहिली. उरलेल्या दोन आठवड्यांत तिने कुटू नयेत अशा गोळ्यांची यादी केली आणि माझ्या वरच्या भिंतीवर लावली. वॉर्डातून आता अख्खी पट्टी येते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला गोळी गिळवत नसेल, तर ती कुटण्याआधी औषध देणाऱ्यांना विचारा. आणि चूक झाली, तर खल धुण्याआधी सांगा.

आता कोणी गोळी घेऊन आले, की आधी यादीवर बोट फिरते. तोवर मी रिकामा बसतो. कित्येकदा गोळी यादीत सापडते आणि मी दिवसभर रिकामाच राहतो. हे रिकामपण मला त्या मुलीने दिले. याहून मोलाचे मला आजवर कोणी काही दिलेले नाही.